हौशी ब्रूअर की होऊ घातलेला व्यावसायिक : अमेरिकेत कोणत्या संघटनेचे सभासद व्हावे?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि गॅरेजमध्ये हौसेने बिअर आंबवणाऱ्या माणसासमोर कधी ना कधी दोन नावे येतात : अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन आणि ब्रूअर्स असोसिएशन. दोन्हींची मुळे कोलोरॅडोतील बोल्डर शहरात आहेत, दोन्हींच्या मागे अमेरिकेत घरगुती बिअरचा छंद रुजवणारे लेखक चार्ली पपाझियन यांचे नाव आहे, आणि पहिली संघटना बरीच वर्षे दुसरीचाच एक विभाग म्हणून चालली; अलीकडे तिने वेगळे होण्याची वाट धरली. त्यामुळे कोणत्याही एकीची वर्गणी भरली तरी चालेल, असा समज सहज होतो. मात्र एकीचा सभासद हौशी आहे आणि दुसरीचा धंदेवाईक, आणि हा फरक त्यांच्या प्रत्येक कामात दिसतो.

होमब्रूअर्स असोसिएशन 1978 साली स्थापन झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय करातून सूट मिळाली : घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन (एक गॅलन म्हणजे सुमारे पावणेचार लिटर), दोन किंवा अधिक असतील तर 200 गॅलन, आणि विक्री अजिबात नाही. एका घाण्याला पाच गॅलन धरले तर 200 गॅलन म्हणजे वर्षाला चाळीस घाणे होतात; नोकरी सांभाळून एवढे करणारा विरळाच. राज्यांचे कायदे मात्र मागे राहिले, आणि अलाबामा व मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांत घरगुती बिअर वैध व्हायला 2013 साल उजाडले. हौशी माणसाच्या वतीने अशा प्रश्नांचा पाठपुरावा करणारी संघटना हीच आहे.

तिच्या सभासदत्वात ‘झायमर्जी’ हे नियतकालिक मिळते, पण माझ्या मते खरे मोल 1979 पासून चालत आलेल्या राष्ट्रीय स्पर्धेला आहे. परीक्षकाला बिअर कोणाची हे ठाऊक नसते आणि तो पन्नासपैकी गुण देतो, त्यांतले वीस चवीला आणि बारा गंधाला. मित्रमंडळी फुकटच्या बिअरची स्तुतीच करणार. यीस्ट कुठे बिघडले हे परक्या जिभेलाच कळते.

ब्रूअर्स असोसिएशन 2005 मध्ये दोन जुन्या संघटनांच्या विलीनीकरणातून उभी राहिली. ‘क्राफ्ट ब्रूअर’, म्हणजे छोटा आणि स्वतंत्र ब्रूअर, कोणाला म्हणायचे, याची तिची व्याख्या सर्वत्र उद्धृत होते : वार्षिक उत्पादन 60 लाख बॅरलपर्यंत (एक बॅरल म्हणजे 31 गॅलन), आणि स्वतः क्राफ्ट ब्रूअर नसलेल्या मद्य उद्योगातील कंपनीची मालकी 25 टक्क्यांहून कमी. साठ लाख बॅरलना ‘छोटे’ म्हणणे जरा हसू आणणारे आहे, हे मान्य करायला हवे. तिने उचलून धरलेल्या मागणीमुळे मात्र गल्लीतल्या ब्रूअरीचाही फायदा झाला : वर्षाला 20 लाख बॅरलपर्यंत उत्पादन करणाऱ्यांना पहिल्या 60,000 बॅरलवर असलेला बॅरलमागे सात डॉलरचा केंद्रीय अबकारी कर साडेतीन डॉलरवर आला, आणि डिसेंबर 2020 मध्ये ही सवलत कायम झाली. हजार बॅरल काढणाऱ्या ब्रूअरीचे त्यात वर्षाला साडेतीन हजार डॉलर वाचतात. ही सवलत सभासद नसलेल्यांनाही मिळते, म्हणून केवळ तिच्यासाठी वर्गणी भरण्याचे कारण नाही. सभासदाच्या उपयोगाचे आहे ते तांत्रिक मार्गदर्शन, व्यवसायाची आकडेवारी आणि क्राफ्ट ब्रूअर्स कॉन्फरन्स या तिच्या परिषदेतील ओळखी.

ब्रूअरी काढण्याच्या तयारीत असलेल्यांसाठी तिच्याकडे सभासदत्वाचा स्वतंत्र वर्ग आहे आणि हौशी माणूस नेमका तिथे घाई करतो. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार राहत्या घरात व्यावसायिक ब्रूअरी चालवता येत नाही. गॅरेजमधला घाणा हळूहळू वाढवत विक्रीपर्यंत नेण्याची सोय नाही, स्वतंत्र जागा आणि केंद्रीय मंजुरी लागतेच. म्हणून जागेची बोलणी सुरू होईपर्यंत होमब्रूअर्स असोसिएशन पुरेशी आहे, आणि बोलणी सुरू झाली की ब्रूअर्स असोसिएशनकडे वळावे. पुण्याला परतून हीच हौस पुढे चालवण्याचा बेत असेल, तर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 मध्ये घरगुती बिअरला अशी सूट नाही आणि या दोन्ही सभासदत्वांचा तिथे कायदेशीर उपयोग शून्य आहे.

आणखी एक अडचण वेळेची आहे. परवाना असलेल्या ब्रूअरीत तयार झालेली बिअर हौशी लोकांच्या राष्ट्रीय स्पर्धेत चालत नाही. तेव्हा ज्या पाककृतीवर धंदा उभारायचा आहे, ती घरच्या भांड्यात असतानाच परीक्षकांपुढे ठेवावी.