३,८०० रुपयांचा कॅरम आणि बाबांचा व्हर्निअर

आमच्या जुन्या कॅरमची प्लाय चार मिमीची. मधे हात दाबला की खाली जायची, स्ट्रायकर मारला की ढब् आवाज, आणि सोंगट्या आपोआप मध्याकडे सरकायच्या. आज्जी आता त्यावर सांडगे वाळवते. त्या कामाला तो झकास आहे.

एप्रिलमध्ये साठवलेल्या पैशातून नवा घेतला. मॅचच्या मापाचा, म्हणजे आतून आतून ७४ सेंमी. दुकानदारानं छातीठोक सांगितलं, "बारा मिमी प्लाय, डोळे झाकून न्या." नेला. बेळगावातल्या आमच्या शहापूरपर्यंत रिक्षात मी कॅरम धरून बसलो होतो की कॅरम मला धरून, देव जाणे.

बाबा उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, मशीन शॉपमध्ये आहेत. घरात आलेली कुठलीही नवी वस्तू त्यांनी 'पास' केल्याशिवाय वापरात येत नाही. सोप्यात कॅरम आडवा टाकला. त्यांनी स्ट्रेट एज, म्हणजे सपाटी तपासायची सरळ पट्टी, आडवी, उभी, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी ठेवली, गाल फरशीला लावून खालून उजेड दिसतोय का बघितला, फटीत फीलरची पातळ पट्टी सरकवून पाहिली. "बरा हाय सपाट." मग पॉकेटची जाळी सोडली. तिथं प्लायची कड उघडी असते, हे मला तोवर सुचलंही नव्हतं. जाडी मोजायचा व्हर्निअर लावला. ९.८ मिमी.

"बारा म्हणून सांगूलता न्हवं त्यो?"

खरं तर स्पर्धेच्या नियमात किमान आठ मिमी लागते, तेव्हा दहाची प्लाय वाईट नाही. पण पैसे बाराचे घेतले होते. दुसऱ्या दिवशी दुकानात "कंपनीतनंच असं येतंय हो" वगैरे सुरू झालं. बाबांनी काही न बोलता व्हर्निअर काउंटरवर ठेवला. ४०० रुपये परत मिळाले. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही कुठंही घ्या, पण जाळी सोडून कड बघा.

आता खेळाबद्दल. चौकट जड आहे आणि सगळा फरक तिथंच पडतो. जुन्यावर रिबाऊंड मारला तर स्ट्रायकर समोरच्या फळीला लागून मेल्यासारखा थांबायचा. इथं तो समोरून परत येऊन माझ्या बाजूच्या फळीला टेकतो. आपल्या रेषेच्या मागची, फळीला चिकटलेली सोंगटी पूर्वी मी सोडूनच द्यायचो. आता ती काढता येते. दहातली सहा वेळा, खोटं कशाला बोलू. परवा कॉलेजातल्या कानडी मित्राची एकच काळी उरलेली, माझ्या दोन पांढऱ्या आणि राणी. राणी घेतली, ती पक्की करायला मारलेली कव्हरची सोंगटी पॉकेटच्या तोंडावर जाऊन डुलली आणि थांबली. राणी परत मधे. "साकू बिडो" (पुरे, सोड) म्हणत त्यानं राणी घेतली आणि आपली काळी टाकून ती कव्हर केली. मिरची-गिरमीट माझ्या पैशानं.

पण खरी परीक्षा जूनपासून. बेळगावचा पाऊस लागला की भिंतीला ओल येते, तिथं लाकडाचं काय! पहिल्याच आठवड्यात सोंगट्या चिखलात चालल्यासारख्या अडायला लागल्या. बोरिक पावडर वाढवली तर तिचे गोळे. उपाय जुनाच: कॅरमच्या बरोबर वर, शेड लावून १०० वॅटचा पिवळा बल्ब. एलईडी नको, त्याची ऊबच लागत नाही. खेळायच्या आधी अर्धा तास लावून ठेवला की कॅरम पुन्हा पळतो. असा बल्ब शोधायला मला तीन दुकानं पालथी घालावी लागली. खेळ झाला की पावडर कोरड्या फडक्यानं पुसून कॅरम आतल्या भिंतीला उभा करून ठेवतो, बाहेरच्या भिंतीला नाही.

सोबतच्या सोंगट्या ठीक. फुकट मिळालेला स्ट्रायकर मात्र बाद, कडेला टवका उडालेला होता. १५ ग्रॅमचा वेगळा घेतला.

लोखंडी घडीचा स्टँड ६५० रुपयांना वेगळा घ्यायला लावतात, तो घेऊ नका. चारही पाय कधी एकदम टेकत नाहीत. आमच्या स्टँडच्या एका पायाखाली सध्या माझं पहिल्या सेमचं जर्नल आहे.