सार्वमताची सेवा: यंत्रणा झकास, माल मात्र दोनच

तपासलेली सेवा: स्वातंत्र्याचं सार्वमत. नमुना स्कॉटलंडचा (ब्रिटनमधून वेगळं व्हायचं की नाही), गुरुवार १८ सप्टेंबर २०१४, सकाळी ७ ते रात्री १०. ग्राहक: सोळा वर्षं पूर्ण झालेला, यादीत नाव असलेला रहिवासी. दर: फुकट. विकलेला माल परत घेतला जात नाही.

मुंबईत बसून ही उठाठेव कशाला? तर हा माल मुंबईकराने मागितला होता आणि त्याला तो कधी मिळाला नाही. जानेवारी १९५६ मध्ये नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करायचं जाहीर केलं, तेव्हा शहरात कुणी मतपेट्या ठेवल्या नाहीत. लोक रस्त्यावर आले, गोळ्या खाल्ल्या, आणि १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीला मतं देऊन सार्वमताचं काम साध्या निवडणुकीकडूनच उरकून घेतलं. गोव्याला मात्र १६ जानेवारी १९६७ ला खरोखरीचा जनमत कौल मिळाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. स्कॉटलंडचा नमुना तपासताना हा गोव्याचा काटा शेजारी ठेवला आहे.

आधी प्रश्न. स्कॉटलंडच्या सरकारने सुरुवातीला बेतलेलं वाक्य असं होतं: ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याच्याशी तुम्ही सहमत आहात का?’ निवडणूक आयोगाने ते लोकांना वाचायला देऊन तपासलं आणि परत पाठवलं. आधी विधान करायचं आणि मग ‘पटतंय ना?’ विचारायचं, की माणूस भिडेखातर मान हलवतो. शेवटी छापलं ते ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’ बस्स, खाली हो आणि नाही. कॅनडाच्या क्वेबेकने १९९५ मध्ये याच्या उलट केलं. तिथे एकाच प्रश्नात सार्वभौमत्व, कॅनडाला आधी द्यायचा भागीदारीचा प्रस्ताव, एक विधेयक आणि १२ जूनचा एक करार, सगळं कोंबलं होतं. ‘हो’ म्हटलं तर नेमकं काय पदरात पडणार, हे दोन वकिलांनी दोन तऱ्हांनी सांगितलं असतं. प्रश्नाच्या बाबतीत स्कॉटलंडला पैकीच्या पैकी.

मतपत्रिका आणि खोली. मतदाराच्या हातात कागद येतो, तो आडोशाला जातो, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने एका चौकोनात फुली मारतो, घडी घालून पेटीत टाकतो. बोटाला शाई नाही, आणि २०१४ मध्ये ओळखपत्रही कुणी मागत नव्हतं; नाव आणि पत्ता सांगितला की झालं. आपल्याकडे बूथवर नावाचा पुकारा, शाई, सही, बटण आणि काचेमागे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी एवढं सगळं पाहिलेल्याला हे जरा उघड्यावरचं वाटेल. पेन्सिलीवरून तिथे अफवाही उठल्या: रात्री कुणीतरी खोडणार, घरून पेन न्या. पेन चालतंच. पण पेन्सिल ठेवण्यामागे कारण आहे. ओली शाई घडी घातल्यावर समोरच्या चौकोनात उमटते आणि मत बाद व्हायची वेळ येते. आपल्या जुन्या कागदी मतदानात हीच अडचण शिक्क्याच्या आकाराने सोडवली होती. बाणांची ती फुली एकाच दिशेने फिरते. घडीमुळे उमटलेला ठसा उलटा फिरतो, त्यामुळे मोजणाऱ्याला खरा कुठला आणि उमटलेला कुठला ते एका नजरेत कळतं. पेन्सिलीपेक्षा हा शिक्का हुशार, एवढं नमूद करून पुढे जाऊ.

मतपत्रिकेच्या पाठीवर क्रमांक असतो, आणि केंद्रावरचा कर्मचारी वेगळ्या यादीत त्या क्रमांकासमोर मतदाराचा क्रमांक लिहितो. हे कळलं की पुष्कळांच्या पोटात गोळा येतो: म्हणजे माझं मत शोधता येतं? तत्त्वतः येतं. पण ती यादी सीलबंद राहते आणि न्यायालयाच्या हुकमाशिवाय उघडत नाही. तोतयेगिरीचा संशय आला तर तपासायला तीच उपयोगी पडते. ग्लासगोत तशी दहा संशयित प्रकरणं निघाली: मतदार आला तर त्याच्या नावापुढे आधीच खूण. अशा वेळी परत पाठवत नाहीत, प्रदत्त मत घेतात, म्हणजे वेगळी मतपत्रिका देऊन ती बाजूला ठेवतात. आपल्याकडेही हीच तरतूद आहे आणि आपल्यासारखीच तिथेही कुणाला ठाऊक नसते. ते मत मोजणीत धरत नाहीत. मिळते ती फक्त नोंद.

आता ग्राहक कोण, हा भांडणाचा मुद्दा. नियम सोपा: घर जिथे, मत तिथे. एडिनबरात वैध व्हिसावर राहणारा आणि यादीत नाव असलेला भारतीय राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून या सार्वमतात मत देऊ शकत होता. म्हणजे डोंबिवलीहून दोन वर्षांसाठी गेलेला संगणकवाला स्कॉटलंड देश व्हावा की नाही ते ठरवणार, आणि ग्लासगोत जन्मून लंडनला स्थायिक झालेला स्कॉट माणूस टीव्हीसमोर बसणार. अभिनेते शॉन कॉनरी स्वातंत्र्याचे खंदे पुरस्कर्ते, पण मुक्काम बहामात, म्हणून मत नाही. १९६७ मध्ये धोबीतलावच्या कुडांतून, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांतून राहणाऱ्या गोंयकारांची नेमकी हीच तक्रार होती. गाव गोव्यात, पगार मुंबईत, मत कुठेच नाही. दोन्हीकडे ती फेटाळली गेली, आणि आमच्या मते बरोबर फेटाळली गेली: उद्याचा कर जो भरणार त्याने ठरवावं. तरी ज्याची आई तिथे आहे त्याला हे पटवून द्यायला कुणी जाऊ नये.

सगळ्यात मोठा दोष मालातच आहे. बऱ्याच लोकांच्या मनात ना ‘हो’ होतं ना ‘नाही’. राहायचं एकत्र, पण कर, कल्याणकारी योजना अशा गोष्टींचे जास्त अधिकार आपल्याकडे हवेत, असा तो मधला विचार. ऑक्टोबर २०१२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरन आणि स्कॉटलंडच्या सरकारचे प्रमुख सॅमंड यांनी एडिनबरात करार केला तेव्हा प्रश्न एकच ठेवायचं ठरलं आणि मधली पुडी फळीवरून उचलली गेली. ‘वरीलपैकी एकही नाही’ तिथे नसतं. कोरी मतपत्रिका टाकली तर ती बाद मतांत जाते. म्हणून २०१४ चा तिथला मतदार दोन वर्षं ज्या अवस्थेत होता तिला गोंधळ म्हणणं अन्यायाचं होईल. त्याला काय हवं ते नीट माहीत होतं, ते दुकानात नव्हतं. अशा माणसाला शेवटी ‘मला कशाची जास्त भीती वाटते’ हे विचारून फुली मारावी लागते.

भीतीला खतपाणी दोन्हीकडून. ‘हो’च्या बाजूने स्कॉटलंडच्या सरकारने नोव्हेंबर २०१३ मध्ये ६७० पानांची पुस्तिका काढली. तरी चलन कुठलं या एका प्रश्नावर सगळं येऊन अडलं. पुस्तिका म्हणते पौंड वाटून वापरू. १३ फेब्रुवारी २०१४ ला लंडनचे अर्थमंत्री ऑस्बोर्न म्हणाले, वाटणार नाही. घराचा हप्ता चालू असलेल्याने आणि पेन्शनीवर जगणाऱ्याने काय करायचं? किमतीची चिठ्ठी न लावता विकायला ठेवलेली वस्तू ती. त्यात खिडकीत पोस्टर लावायची तिथली पद्धत, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता कळतं. आपल्याकडे सोसायटीच्या ग्रुपवर अॅडमिन ‘राजकारण नको’ म्हणून कुलूप घालतो. एरवी चीड आणणारं ते कुलूप अशा वेळी किती कामाचं आहे ते लक्षात येतं.

आणि मग दर बदलला. ७ सप्टेंबरला एका पाहणीत ‘हो’ पुढे दिसलं. लंडनची धावपळ उडाली. १६ सप्टेंबरला, मतदानाला दोन दिवस असताना, कॅमेरन, मिलिबँड आणि क्लेग या ब्रिटनच्या तीन पक्षनेत्यांच्या सह्यांचं वचन ‘डेली रेकॉर्ड’ या स्कॉटिश वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर: ‘नाही’ म्हणा, जास्त अधिकार देतो. म्हणजे फळीवरून काढलेली मधली पुडी ‘नाही’च्या पुडीला चिकटवून दिली. शेवटच्या २८ दिवसांत सरकारांनी प्रचारी मजकूर काढायचा नाही असा नियम होता. सह्या पक्षनेते म्हणून होत्या, त्यामुळे तो अंगाला लागला नाही. पण टपाली मतदारांचं काय? त्यांचे लिफाफे ऑगस्टच्या अखेरीपासून घरी पोचले होते आणि कित्येकांनी भरून पाठवलेही होते. त्यांनी एका किमतीला घेतलं, गुरुवारी रांगेत उभे राहिलेल्यांनी दुसऱ्या. या सेवेतला हा सर्वांत गंभीर दोष, आणि यावर पावती दाखवून भांडायलाही जागा नाही.

म्हणून टपाली मतदाराने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, मन पक्कं नसेल तर लिफाफा कपाटात ठेवावा. तो मतदानाच्या दिवशी रात्री दहापर्यंत केंद्रावर हातोहात देता येतो. दोन, मतपत्रिका आतल्या लिफाफ्यात, आणि सोबतचं निवेदन तिच्याबरोबर न कोंबता बाहेरच्या लिफाफ्यात. निवेदनावर सही आणि जन्मतारीख लागते. लोक तिथे सवयीने आजची तारीख घालतात आणि मत पेटीपर्यंत पोचतच नाही. सहीचंही तसंच: अर्ज करताना केली तशीच हवी, वय झालं, हात थरथरतो, सही बदलली, तर नमुना आधी बदलून घ्यावा.

मोजणीबद्दल तक्रार नाही. ३२ कौन्सिलांत, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकांत, रात्रीच सुरू झाली. पेटीतले कागद आधी नुसते मोजून केंद्राच्या हिशोबाशी ताडायचे, मग हो-नाहीचे गठ्ठे. गठ्ठे वेगळे व्हायच्या आधी ते कुठल्याही टेबलावर पडलेले असतात. ‘नाही’च्या टेबलावर ‘हो’चा गठ्ठा दिसणारी चित्रफीत फिरली तिचा उलगडा एवढाच. डंडीत आगीची घंटा वाजून सभागृह रिकामं करावं लागलं, तेही निभावलं. बाद मतं ३६ लाखांत अवघी ३,४२९. क्वेबेकमध्ये निकालाचा फरक ५४,२८८ मतांचा आणि बाद मतं ८६,००० च्या वर होती. चोमेडी मतदारसंघात तर नऊपैकी एक मतपत्रिका बाद. फुली अशीच का, तिरकी का, म्हणून बाद करणारा हात तिथे मोकळा सुटला होता.

निकाल: नाही २०,०१,९२६, हो १६,१७,९८९. मतदान ८४.६ टक्के, ज्या शहरात निम्मे लोक आले तरी निवडणूक अधिकारी सुटकेचा श्वास सोडतात तिथून हा आकडा दोनदा वाचावा. या वेळी साधं बहुमत पुरेसं होतं, ही सुधारणा म्हणायला हवी. १ मार्च १९७९ ला स्कॉटलंडच्याच विधिमंडळासाठी घेतलेल्या सार्वमतात ‘हो’ला ५१.६ टक्के पडूनही ते हरले, कारण एकूण यादीच्या ४० टक्के हवेत अशी अट होती आणि भरले ३२.९. अशा अटीत वारलेला, स्थलांतर केलेला, दोनदा नोंदलेला प्रत्येक जण गुपचूप ‘नाही’ म्हणतो. चाळ पाडून टॉवर उभा राहिला तरी जुन्या खोली क्रमांकावर नावं झळकणाऱ्या मुंबईच्या यादीवर ती अट लावून पाहा. नमुना ७ भरून मेलेल्यांची नावं काढून घेण्याचा आळस तेव्हा खरा महागात पडेल.

विक्रीपश्चात सेवा यथातथा. वचन दिल्याप्रमाणे २७ नोव्हेंबरला जास्त अधिकारांबद्दलचा स्मिथ आयोगाचा अहवाल आला, कायदा २०१६ मध्ये. वर्षानुवर्षं यादीबाहेर राहिलेले लोक सार्वमतासाठी नाव घालायला आले, तर काही कौन्सिलांना त्या ताज्या यादीत पंचवीस वर्षांपूर्वीच्या पोल टॅक्सचे (माणशी लावलेल्या कराचे) थकबाकीदार दिसू लागले. मत द्यायला ये म्हणून बोलवायचं आणि दारात बिल हातात द्यायचं, हा प्रकार स्कॉटिश सरकारला कायदा करून थांबवावा लागला. दुसऱ्यांदा हीच सेवा मागायला गेल्यावर २३ नोव्हेंबर २०२२ ला लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय ती पुरवण्याचा अधिकार एडिनबराला नाही.

गोव्याच्या मतपत्रिकेतही तिसरं चिन्ह नव्हतं. आपलं स्वतंत्र राज्य हवं म्हणणाऱ्याला फूल किंवा पानं यांतलंच काही उचलावं लागलं. ते राज्य ३० मे १९८७ ला मिळालं, पेट्या पुन्हा न मांडता.