फ्यूम हूड: वेग मोजायचा की गळती?

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या प्रयोगशाळेला फ्यूम हूड (रसायनांच्या वाफा ओढून बाहेर नेणारं, पुढून उघडं कपाट) तपासायचा असेल, तर एक सोपा मार्ग म्हणजे तोंडाशी अ‍ॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारं यंत्र) धरणे. स्वस्त, झटपट, वेग सेकंदाला साधारण ०.५ मीटर आला की हूड पास.

पण वेग बरोबर असूनही वाफ बाहेर येते. एसीचा आडवा झोत, आत कोंबलेल्या बाटल्या, समोरून गेलेला माणूस, एवढं पुरतं. अ‍ॅश्रे ११० या अमेरिकी चाचणी-मानकातली ट्रेसर चाचणी नेमकं हेच पकडते: आत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू सोडून समोरच्या पुतळ्याच्या नाकाशी तो किती पोचला, ते मोजतात. महाग आहे, आणि हा वायू हवामानाला फार घातक.

तरीही नवा हूड बसवताना किंवा एसीची रचना बदलल्यावर मी हीच चाचणी मागेन, तीही एसी पूर्ण जोरात चालू ठेवून. दरवर्षीच्या तपासणीला वेग मोजणं आणि धूर सोडून तो आत ओढला जातो का ते बघणं पुरे.