नू भाषेचं पाठ्यपुस्तक, एका शिक्षिकेच्या नजरेतून

केपटाऊनमध्ये रविवारी मी मराठी मुलांना बाराखडी शिकवते. त्यामुळे भाषेचं पुस्तक हाती आलं की एकच बघते: हे घेऊन उद्या वर्गात उभं राहता येईल का? शीना शाह आणि मथायस ब्रेन्झिंगर यांच्या नू भाषेच्या पुस्तकाबद्दल (केपटाऊन विद्यापीठ, २०१६) माझं उत्तर ठाम 'हो' आहे.

नू ही दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांची भाषा. गोऱ्यांच्या शेतांवर राबताना तिची हेटाळणी झाली, लाजेपायी लोक गोऱ्यांच्या आफ्रिकान्स भाषेकडे वळले. १९९० च्या दशकात तर ती संपली असंच धरून चालले होते. आज ती अस्खलित बोलणाऱ्या म्हणून १९३३ साली जन्मलेल्या कतरीना एसाऊ यांचंच नाव घेतलं जातं. अपिंग्टनजवळच्या रोझडेलमध्ये, स्वतःच्या घराशी, या ओमा (म्हणजे आजी) मुलांना गाणी, खेळ आणि चित्रांतून शिकवत आल्या. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नाही. पुस्तक त्यांच्या वर्गासाठी बेतलंय आणि ते पानोपानी जाणवतं: आधी नमस्कार-चमत्कार, मग अवयव, प्राणी, छोटी वाक्यं. प्रत्येक गोष्ट नू, आफ्रिकान्स आणि इंग्रजीत, म्हणजे घरी आईलाही सोबत बसता येतं. व्याकरणाचं ओझं सुरुवातीलाच लादलेलं नाही, हे मला फार आवडलं.

खरी कसोटी उच्चारांची. नूमध्ये शंभराहून जास्त ध्वनी आहेत, त्यांतले कितीतरी 'क्लिक', म्हणजे जिभेने किंवा ओठांनी टक्‌कन काढायचे. त्यांना अक्षरांऐवजी खुणा आहेत. एका उभ्या रेघेने लिहितात तो ध्वनी आपल्याला अवघड नाही. हळहळताना आपण चुकचुकतो, तोच तो. दोन रेघांचा म्हणजे बैल हाकताना गालातून काढतात तो. वर्तुळात टिंब असेल तर ओठ मिटून मुक्यासारखा आवाज काढायचा. सुटे आवाज माझ्या मुलांनी हसत-हसत काढले, पण त्याला लागून स्वर आला की जीभ अडखळते. इथे कागद अपुरा पडतो, कानावर आवाज पडायलाच हवा. म्हणून हे पुस्तक एकट्याने वाचायचं नाही, शिकवणाऱ्याच्या हातात द्यायचं आहे.

पीडीएफ मोफत मिळते. परदेशात मराठी शाळा चालवणाऱ्यांनी ती जरूर उतरवून घ्यावी आणि धड्यांचा क्रम नीट बघावा. मी माझ्या वर्गाचा क्रम यावरूनच बदलतेय: अक्षरं नंतर, आधी घरात लगेच बोलता येईल असं वाक्य.