बालभारतीची पहिली ते चौथीची पुस्तकं: वर्षभर वापरल्यानंतरचं मत

आमच्या सोसायटीमागे मोठं बांधकाम चालू आहे, तिथल्या मजुरांच्या मुलांचा संध्याकाळचा वर्ग आम्ही काही जण मिळून घेतो. त्या वर्गासाठी बालभारतीची पहिली ते चौथीची सगळी पुस्तकं घेतली आणि वर्षभर रोज वापरली, म्हणून हा रिव्ह्यू. आधी आमच्याकडे लोकांनी दिलेली खाजगी प्रकाशनांची गुळगुळीत कागदाची वर्कबुकं होती, चित्रं सुंदर, स्टिकर वगैरे, पण निम्म्या मुलांना त्यातलं एक वाक्य कळत नव्हतं कारण सगळं इंग्रजीत. आता ती कपाटात आहेत आणि बालभारतीची पुस्तकं मुलांच्या हातात.

खरेदीचं सांगते. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध अप्पा बळवंत चौकात जून उजाडला की पाय ठेवायला जागा नसते. एका दुकानात मला सरळ सांगितलं की गाइड घेतलं तरच पुस्तक मिळेल. हे फार चुकीचं आहे हो, ज्याच्याकडे मोजके पैसे असतात त्याने काय करायचं? मी तिथून निघाले, पुढच्या दुकानात सगळा संच बिनबोभाट मिळाला. एका गाइडच्या पैशात दोन-तीन पुस्तकं येतात, आणि जे मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत आहे त्याला तर समग्र शिक्षा योजनेतून पहिली ते आठवी पुस्तकं फुकटच मिळतात. आम्हाला विकत घ्यावी लागली कारण आमची बरीच मुलं वर्षाच्या मध्येच गाव सोडून आलेली, कुठल्याच शाळेच्या पटावर नाहीत.

आता पुस्तक आतून कसं आहे. सुरुवातीला राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, मग धडे. भाषेचं पुस्तक मला सगळ्यात आवडलं, वाक्यं छोटी, आणि चित्रात विहीर, शेळी, बाजार, पाऊस असं मुलांनी बघितलेलं असतं त्यामुळे मूल चित्रावरून आधी बोलायला लागतं आणि वाचन त्याच्या मागून येतं. तिसरीच्या परिसर अभ्यासाची माझ्याकडची आवृत्ती जिल्ह्यानुसार वेगळी आहे, म्हणजे पुण्याच्या मुलाला पुणे जिल्हा, सोलापूरच्या मुलाला सोलापूर. जालन्याकडचा एक मुलगा पुणे जिल्ह्याच्या नकाशावर बोट फिरवत आपलं गाव शोधत बसला होता, म्हणून मग ई-बालभारतीवरून, म्हणजे बालभारतीच्या वेबसाइटवरून, जालन्याचं पुस्तक उतरवलं, त्यात त्याला स्वतःचा तालुका सापडला आणि त्या दिवशी त्याने सगळ्यांना बोलावून बोलावून तो दाखवला!

गणिताबद्दल दोन शब्द. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला वीस सात असं वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मंगला नारळीकर मॅडमच्या गणित समितीवर नको नको ते बोललं गेलं. माझं मत विचाराल तर ती पद्धत अगदी बरोबर आहे, आमच्या वर्गात कन्नड आणि तेलुगू बोलणारी मुलं आहेत, त्यांच्या भाषांत आकडे तसेच दशक आधी एकक नंतर बोलतात, त्यामुळे वीस सात त्यांना लगेच कळतं आणि मग सत्तावीस पाठ करणं सोपं जातं. जे मूल अडखळतं त्याच्या बाजूने विचार केलेला दिसतो त्यात.

न आवडलेलं पण सांगायला पाहिजे. 2023-24 पासून दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत केली आणि मध्ये लिहायला कोरी पानं टाकली, दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू चांगला होता पण लिहिलेलं पुस्तक धाकट्या भावंडाला कसं द्यायचं? गरीब घरात एक पुस्तक तीन मुलं वापरतात. तो प्रयोग पुढे सरकारने मागे घेतला, बरं झालं. पुस्तकातल्या क्यूआर कोडचंही तसंच, कल्पना उत्तम आहे आणि सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला त्यात पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या कामाचा मोठा वाटा होता, पण आमच्या मुलांच्या घरात फोन एकच आणि तो बापाबरोबर कामावर, मग कोड स्कॅन कोण करणार. तिथे छापील पानच कामाला येतं.

आणि आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. कर्नाटकातल्या कलबुर्गीकडची एक मुलगी वर्गात आहे, साधारण आठ वर्षांची. फळ्यावरचं मराठी ती इतकं वळणदार उतरवायची की आम्हाला वाटायचं हिला येतंय, पण वाच म्हटलं की गप्प. महाराष्ट्रात सोलापूर, अक्कलकोट, जत भागात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत त्यामुळे बालभारती कन्नडमध्येही पुस्तकं काढते हे मला माहीत होतं, पुण्यात दुकानात मिळालं नाही म्हणून पीडीएफ घेतली आणि झेरॉक्सवाल्याकडून पहिलीचं पुस्तक छापून आणलं. तिने पान उघडलं, अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली, दोन वर्षं गावच्या शाळेत गेली होती ती! आणि मग थांबेचना. त्याच चित्रांचं मराठी पुस्तक आम्ही शेजारी ठेवलं आणि दोन्ही पानं बघत बघत दिवाळीपर्यंत ती मराठी वाचायला लागली.

हा माझा एकटीचा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. केनियात खेड्यातल्या शाळांना फुकट पाठ्यपुस्तकं देऊन काय होतं ते संशोधकांनी नीट तपासलं, त्यात मायकेल क्रेमर होते ज्यांना 2019 मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर नोबेल मिळालं. निष्कर्ष काय, तर सरासरी मार्क वाढलेच नाहीत, फक्त जी मुलं आधीच पुढे होती त्यांना फायदा झाला, कारण पुस्तकं इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा होती. पैसा गेला, छपाई झाली, पुस्तक दप्तरात पोचलं, आणि मूल होतं तिथेच राहिलं.

याच्या उलट दक्षिण कोरिया बघा. युद्धात सगळं बेचिराख झालेलं, शाळा झाडाखाली भरायच्या, आणि अशा वेळी 1954 मध्ये युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने तिथे पाठ्यपुस्तकांचा छापखाना उभा केला, पुस्तकं कोरियन भाषेत. बान की मून संयुक्त राष्ट्रांचे महासचिव झाले तेव्हा ते सांगायचे की मी त्याच पुस्तकांवर शिकलो. तो देश आज दुसऱ्यांना मदत देतो. फक्त पुस्तकांमुळे असं कोणी म्हणणार नाही, जमीनसुधारणा होती, कारखाने होते, पण कारखान्यात सूचना वाचू शकणारी माणसं लागतात आणि ती पहिलीच्या वर्गात तयार होतात.

आपल्याकडे हे फुल्यांनी 1882 लाच सांगून ठेवलंय, इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे. किमान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, आणि प्राथमिक शाळेत मोडी नि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीची माहिती, आरोग्य शिकवा. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करून दाखवलं. देशात 1951 ला शंभरात अठरा लोक साक्षर होते, 2011 ला त्र्याहत्तर झाले, हे लहान काम नाही. पण मुलांना वाचता येतं का हे गावोगावी तपासणाऱ्या असर सर्वेक्षणाचा 2024 चा अहवाल सांगतो की ग्रामीण भागातली पाचवीतली निम्म्याहून जास्त मुलं दुसरीचा उतारा वाचू शकत नाहीत. शाळेत पोचवणं जमलं, वाचायला शिकवणं अजून बाकी आहे, आणि त्यासाठी मला तरी पहिलीचं मुलाच्या भाषेतलं स्वस्त पुस्तक ही सगळ्यात महत्त्वाची वस्तू वाटते, टॅबलेट आणि डिजिटल बोर्ड त्याच्या नंतर.

पाचपैकी साडेचार. अर्धा यासाठी कापला की मराठी सोडून इतर माध्यमांची पुस्तकं मोठ्या शहरातल्या दुकानातही सहज मिळायला हवीत.

घेणाऱ्यांसाठी: जूनच्या गर्दीच्या आधीच घ्या, गाइडची सक्ती केली तर दुकान बदला. पीडीएफ सगळ्या फुकट आहेत पण पूर्ण पुस्तक रंगीत छापणं विकत घेण्यापेक्षा महाग पडतं, त्यामुळे जे मिळतच नाही तेवढंच छापा. अवांतर वाचनाला किशोर मासिकाचे जुने अंक ऑनलाइन आहेत, 1971 पासूनचे, चौथीच्या मुलांना वाचून दाखवायला एकदम छान. आणि तुमच्या वर्गात परराज्यातून आलेली मुलं असतील तर आधी घरी कुठली भाषा बोलतात ते विचारा, त्या माध्यमाचं पहिलीचं पुस्तक मराठीच्या जोडीला आणा.