घरी बांधलेली ‘मुस्तफा’ची मशीन: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

नव्वदच्या दशकात लातूरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात जो उभा राहिलाय, त्याला ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ म्हटलं तर पटकन कळणार नाही. ‘मुस्तफा’ म्हणा, लगेच डोळे चमकतील. कॅप्कॉमचा 1993 चा हा खेळ. त्यात चार गडी होते, पण पिवळ्या टोपीतला मुस्तफा सगळ्यांत जोरात पळायचा आणि पळता पळता लाथ घालायचा, म्हणून सगळ्यांना तोच हवा असायचा. मोबाईलवर हा खेळ मी खेळून पाहिला. काचेवर बोटं घासून ती लाथ बसत नाही. म्हणून मागच्या दिवाळीत सुताराला हाताशी धरून उभी मशीन बांधली. तेव्हापासून ती जवळजवळ रोज चालू आहे.

आत रास्पबेरी पाय 4 हा तळहाताएवढा संगणक आणि त्यावर रेट्रोपाय हा जुने खेळ चालवण्याचा सॉफ्टवेअर संच. समोर जुना 19 इंची चौकोनी मॉनिटर, सेकंडहँड घेतलेला. नवा रुंद टीव्ही लावायचा मोह टाळा. हे खेळ 4:3 च्या, म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन भाग अशा पडद्यासाठी बनलेत. रुंद पडद्यावर एक तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, नाहीतर ताणून मुस्तफा बुटका आणि जाडा दिसतो. शिवाय टीव्हीवर बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल होणं यात अंतर पडतं, ते मारामारीच्या खेळात हाताला कळतं.

खरा जीव आहे तो पॅनेलमध्ये, म्हणजे स्टिक आणि बटणं बसवलेल्या फळीत. वेळ आणि पैसा तिथे घाला. मी पॅनेल जमिनीपासून 37 इंचांवर घेतलं. मोठा माणूस न वाकता खेळतो, भाच्यांसाठी खाली पाट ठेवतो. मुस्तफाला दोनच बटणं पुरतात, मार आणि उडी. दोन्ही एकदम दाबली की जोरदार डाव बसतो, पण आपलीही थोडी ताकद जाते. ‘स्ट्रीट फायटर 2’ ला मात्र सहा लागतात, म्हणून प्रत्येक गड्याला सहा बटणं दिली. दोन गड्यांच्या स्टिकमध्ये हात मोकळे राहतील एवढी जागा सोडाच. कोपराला कोपर लागलं की भांडण होतं, आणि ते खेळातलं नसतं.

स्वस्तातल्या स्टिकचा अनुभव सांगतो. सुरुवातीला खटखट आवाज छान येतो, पण उन्हाळा सरता सरता पहिल्या गड्याच्या स्टिकमधला वर जायचा मायक्रोस्विच (दिशा ओळखणारं छोटं बटण) कधी लागायचा, कधी नाही. स्विच बदलणं सोपं आणि स्वस्त आहे, पण त्यासाठी पॅनेल उघडता आलं पाहिजे. माझ्या पॅनेलला मागून बिजागऱ्या आहेत, झाकणासारखं वर उचलतं. पॅनेल स्क्रूने कायमचं ठोकून टाकू नका. आणि ‘पॅकमॅन’ खेळणार असाल तर स्टिक चार दिशांवर बदलता येईल अशी घ्या. आठ दिशांच्या स्टिकवर वळणावर तिरकी दिशा लागते आणि भूत गाठतं.

आपल्याकडची खरी परीक्षा ऊन आणि वीज. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे गेला की बंद पेटीत रास्पबेरी पाय तापतो. 80 अंशांच्या आसपास तो आपला वेग स्वतःच कमी करतो, मग आवाज तुटायला लागतो. मागे खालून हवा यायला भोकं आणि वर हवा बाहेर फेकणारा पंखा लावल्यावर हा त्रास थांबला. भोकांना बारीक जाळी लावा, नाहीतर आपली काळ्या मातीची धूळ थेट आत जाते.

विजेचं याहून गंभीर. खेळ चालू असताना लाईट गेली की मेमरी कार्डवरचा डेटा बिघडू शकतो. म्हणून मशीन इन्व्हर्टरवर घेतली, आणि सगळं बसवून झाल्यावर कार्डची एक पूर्ण नक्कल काढून कपाटात ठेवली. ही नक्कल काढल्याशिवाय मशीन पोरांच्या हाती देऊ नका.

लाकडाचं म्हणाल तर 18 मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घेतला. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, स्वस्त पडतो, कापायलाही सोपा, पण ओल लागली की फुगतो. पावसाळ्यात फरशी ओलसर होते, तरी प्लायच्या कडा जशाच्या तशा आहेत. खाली चाकं लावल्यामुळे मशीन जमिनीपासून वर राहते, झाडताना सरकवताही येते.

खेळ कुठून आणायचे, हा प्रश्न मला सगळे विचारतात. ते चालवणारं ‘मेम’ हे सॉफ्टवेअर 1997 पासून आहे आणि फुकट आहे. खेळांचे हक्क मात्र कंपन्यांकडेच आहेत. कॅप्कॉमने 2018 मध्ये मारधाडीच्या सात जुन्या खेळांचा संच विकायला काढला, ‘फायनल फाइट’ आणि ‘कॅप्टन कमांडो’ त्यात आहेत. मुस्तफा नाही. हा खेळ मुळात एका अमेरिकन कॉमिकवरून बनलेला आहे. तो रीतसर विकत मिळाला तर मी पहिल्या दिवशी घेईन.

आता तिसऱ्या गड्याची जागा करायची आहे. मुस्तफा मुळात तिघांना एकत्र खेळता येतो, आणि रविवारी मेव्हणा आला की एकाला बाजूला उभं राहावं लागतं. पॅनेल रुंद करावं लागेल. सुताराला माप दिलंय.