फणसाचं टेबल : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत जेवणाचं टेबल करून घेतलं, सागाचं नव्हे, फणसाचं. आजऱ्याच्या पाहुण्यांच्या परड्यातलं जुनं झाड वादळात पडलं होतं. त्याच्या फळ्या कापून, मध्ये पट्ट्या घालून दोन वर्षं सावलीत रचल्या होत्या. टेबल आज सरळ उभं आहे ते या वाळवणीमुळे.

ताज्या रंध्याखाली लाकूड हळदीसारखं पिवळं निघालं आणि घरात सगळ्यांचा चेहरा पडला. मिस्त्री म्हणाले, "रंगावर जाऊ नका, ह्यो पिवळा ऱ्हात न्हाई." तसंच झालं. आता मधाळ तपकिरी छटा आलीय आणि ती मला सागापेक्षा जास्त आवडते. रंग उजेडाने बदलतो. मधोमध ठेवलेली फळांची टोपली उचलली की खाली अजून फिकट पिवळं वर्तुळ दिसतं, म्हणून पहिले काही महिने वस्तू हलवत राहा. हा पिवळेपणा मोरिन नावाच्या रंगद्रव्याचा. थायलंड, म्यानमारमधले भिक्खू याच लाकडाचा काढा करून चीवरं रंगवत आले आहेत.

रंधा मारताना मात्र मिस्त्रींचा कस लागला. रेषा उलटसुलट जातात, पातं जरा बोथट असलं की लाकूड उचकटतं. शेवटचा हात पॉलिश पेपरनेच फिरवावा लागला. वर फक्त जवसाचं तेल दिलंय.

खरी परीक्षा कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टची. कपडे वाळत नव्हते, पण टेबलाचा एकही सांधा हलला नाही. ड्रॉवर तेवढा घट्ट झाला होता, तो पाऊस उघडल्यावर आपोआप सुटला. लगेच तासायला घेतला असता तर आज खुळखुळला असता. स्टीलच्या डब्यांचे बारीक वळ उठलेत, ते तेलाने बरेच बुजतात.

आपल्याकडे मिरजेत सतारीला तून नावाचं लाकूड वापरतात, तंजावरची वीणा मात्र फणसाची, मृदंगाचं खोडसुद्धा. एवढं गुणी लाकूड आपल्या भागात सरपणात जातं याचं फार वाईट वाटतं.

पावसात भिजणाऱ्या चौकटीला मी आजही सागच घेईन. घरातलं टेबल, देवघर, पाट यांना फणस बिनधास्त वापरा. घेताना गाभ्याचं, नीट वाळलेलं लाकूड मागा आणि कडेचा पांढरा पट्टा काढायला लावा, कीड आधी तिथेच लागते.